व्हीसी रूमचा कॉम्प्युटर चालूच होत नाही: भिंतीपासून सीपीयूपर्यंत काय काय तपासायचं

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कार्यालयांतल्या व्हीसी रूम, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोल्या, सांभाळणं हे माझं रोजचं काम. तिथून सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार एकच, ‘कॉम्प्युटर डेड झालाय’. प्रत्यक्षात जाऊन बघितलं तर डेड कॉम्प्युटर क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा वीज वाटेत कुठेतरी अडकलेली असते आणि कॉम्प्युटर बिचारा तिची वाट बघत बसलेला असतो. म्हणून ही तपासणी भिंतीपासून सुरू होते. स्क्रू ड्रायव्हर शेवटी लागतो, तोही प्रत्येक वेळी नाही.

आधी लक्षण ठरवा

‘चालू होत नाही’ एवढं सांगून काही कळत नाही. खालच्यापैकी तुमच्याकडे नक्की काय होतंय ते बघा:

१. बटण दाबलं तरी काहीच नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही.
२. बटण दाबलं की दिवा क्षणभर लागतो, पंखा जरासा फिरतो आणि पुन्हा शांत. कधी कधी हेच दर दोन-तीन सेकंदांनी चालू राहतं.
३. सीपीयूचा दिवा लागलाय, पंखाही फिरतोय, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’.
४. दिवा केशरी किंवा लाल होऊन ठरावीक लयीत लुकलुकतोय, किंवा बीप वाजतायत.
५. एरवी नीट चालतो, पण रात्री मेन बंद केला किंवा लाइट जाऊन आली की दुसऱ्या दिवशी चालू होत नाही.

पहिलं लक्षण असेल तर दहापैकी आठ-नऊ वेळा दोष सीपीयूच्या बाहेर, हा माझा अंदाज. दुसऱ्यात काहीतरी शॉर्ट होतंय किंवा अ‍ॅडाप्टर थकलाय. तिसऱ्यात बहुधा कॉम्प्युटर चालू आहे, चित्र पोचत नाहीये. चौथ्यात मशीन स्वतःच दोष सांगतंय, फक्त त्याची भाषा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघावी लागते. पाचवं लक्षण सर्वांत जास्त छळतं, कारण माणूस बघायला जातो तेव्हा मशीन चालू असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

फोनवर मी आणखी एक गोष्ट हमखास विचारतो: गेल्या आठवड्यात त्या खोलीत कोण येऊन गेलं? रंगारी, एसीवाला, साउंडवाला, नवीन टीव्ही बसवणारा. यातलं कुणी आलं असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

मीटिंग पंधरा मिनिटांवर आली असेल तर

दुरुस्ती सोडा, आधी मीटिंग वाचवा. व्हीसीचा कॅमेरा आणि स्पीकरफोन यूएसबीचे असतील तर त्यांच्या दोन्ही केबल सीपीयूतून काढून एखाद्या लॅपटॉपला लावा, टीव्हीची एचडीएमआय केबलही त्यालाच लावा आणि मीटिंगची लिंक तिथून उघडा. बहुतेक यूएसबी कॅमेरे कुठल्याही लॅपटॉपवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतात. कॅमेरा फक्त एचडीएमआय किंवा एसडीआय आउटपुटचा असेल तर हा उपाय चालणार नाही. मग लॅपटॉपचाच कॅमेरा वापरा. साहेबांना चित्र थोडं लहान दिसेल, पण हजेरी लागेल.

घाईत बटण वीस वेळा दाबू नका. बटण दाबून धरलं तर चालू होऊ लागलेला पीसी चार-पाच सेकंदांत सक्तीने बंद होतो. घाबरून दाबणारा माणूस नेमकं हेच करतो.

कॉम्प्युटर खरंच बंद आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि एका मिनिटात होते. टीव्हीचा रिमोट घ्या आणि इनपुट बघा. व्हीसीचा टीव्ही एचडीएमआय १ वर हवा असतो. मॅचच्या दिवशी कुणीतरी सेट टॉप बॉक्स लावून तो एचडीएमआय २ वर ठेवलेला असतो आणि परत कुणी बदलत नाही.

मग कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर जिवंत आहे आणि शोध टीव्हीच्या दिशेने न्यायचा. बिनवायरच्या कीबोर्डवर हा दिवा पुष्कळदा नसतोच, तेव्हा वायरचा एखादा जुना कीबोर्ड कपाटात ठेवून द्या.

टेबल आणि टीव्ही यांच्यात लांब अंतर असेल तर मध्ये एचडीएमआय एक्स्टेंडर असतो, म्हणजे दोन छोट्या डब्या आणि त्यांच्यामध्ये लॅनसारखी केबल. या डब्यांना बहुधा स्वतःचा छोटा अ‍ॅडाप्टर असतो. तो बंद पडला की टीव्ही काळा आणि दोष कॉम्प्युटरच्या माथी. डब्यांवरचे दिवे बघा. शंका असेल तर सीपीयूला थेट एक मॉनिटर लावा. चित्र आलं तर सीपीयूला हात लावायचं कारण उरत नाही.

भिंतीवरचा स्विच आणि एमसीबी

व्हीसी रूममध्ये संध्याकाळी एसी बंद करायचा म्हणून शिपाईमामा मेनच पाडतात. त्यांची चूक नाही. त्यांना ‘सगळं बंद करून जा’ असंच सांगितलेलं असतं. सकाळी ते एसी आणि दिव्यांचे स्विच चालू करतात, टीव्हीच्या मागचा स्विच मात्र दिसतच नाही.

तपासायचं कसं? टेस्टरने नको. टेस्टरचा दिवा फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, आली की लागतो; न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, तुटलेली असली तरी लागतो. टेस्टर पेटला म्हणून ‘लाइट आहे’ असं समजून पुढे गेलेली माणसं मग उगाच सीपीयू खोलून बसतात. मोबाइलचा चार्जर त्या सॉकेटला लावा आणि मोबाइल चार्ज होतोय का बघा. त्याहून चांगलं म्हणजे टेबल फॅन लावा. चार्जर अगदी थोडी वीज ओढतो, त्यामुळे ढिला सॉकेटही त्याला पुरतो. फॅन फिरताना सॉकेटमधून चर्रर्र आवाज आला किंवा फॅन अडखळला तर सॉकेटच्या आतली पकड गेलेली आहे.

एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा सुरक्षेचा खटका, खाली पडलेला असेल तर एकदा वर करा. लगेच पुन्हा पडला तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पुन्हा पुन्हा वर ढकलून काही साधत नाही. एमसीबी पडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे किंवा भार जास्त आहे, आणि ते थांबवणं हेच त्याचं काम.

जमिनीतल्या किंवा टेबलातल्या झाकणाच्या सॉकेटबद्दल एक सूचना. फरशी पुसताना त्यात पाणी जातं. झाकण उघडल्यावर ओल, हिरवट गंज किंवा काळा डाग दिसला तर बोट घालू नका, त्या लाइनचा एमसीबी पाडा.

यूपीएस

गंमत अशी की लाइट गेल्यावर मशीन चालू राहावं म्हणून बसवलेला यूपीएसच पुष्कळदा मशीन चालू होऊ देत नाही. लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते आणि ती साधारण तीन वर्षांत थकते. बंद, गरम खोलीत त्याहून लवकर. बॅटरी पूर्ण संपलेली असेल तर कित्येक मॉडेल भिंतीतून वीज येत असली तरी चालूच होत नाहीत.

म्हणून यूपीएसची तपासणी म्हणजे त्याला वगळणं. सीपीयूची कॉर्ड यूपीएसमधून काढून थेट भिंतीच्या त्याच सॉकेटला लावा, जिथे फॅन चालला होता. कॉम्प्युटर चालू झाला तर दोष सापडला. तात्पुरतं काम थेट लाइनवर चालवा आणि बॅटरी बदलून घ्या.

यूपीएसच्या मागे आणखी दोन गोष्टी बघा. काही मॉडेलवर एक छोटं गोल बटण असतं, जास्त भार आला की ते बाहेर येतं. ते आत दाबायचं. आणि काही मॉडेलचे सगळे सॉकेट बॅटरीवर नसतात. एक-दोन फक्त सर्जपासून, म्हणजे अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून, संरक्षण देतात. लाइट गेली की कॅमेरा चालू राहतो आणि सीपीयू मरतो, अशी विचित्र तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावलेला दिसला तर आधी तो काढा. त्याचा आतला रोलर तापताना कित्येकशे वॅट ओढतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस त्या क्षणी मान टाकतो.

स्पाइक बस्टरबद्दल फार लिहायला नको: त्याचा स्विच, त्याचं रिसेटचं बटण किंवा फ्यूज, आणि पिना घट्ट बसतात का ते बघा. पण थ्री-पिनची तिसरी पिन कापून किंवा टू-पिनचा तुकडा लावून काम भागवलेलं असेल तर तो तुकडा आजच फेका. अर्थिंग नसलेल्या व्हीसी रूममध्ये स्पीकरमधून घरघर येते, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, आणि एचडीएमआयची केबल लावता-काढताना पोर्ट जळतात.

अ‍ॅडाप्टर: इथे थांबून नीट बघा

हल्लीच्या बहुतेक व्हीसी रूममध्ये मोठा सीपीयू नसतो. टीव्हीच्या मागे किंवा पोडियममध्ये पुस्तकाएवढा मिनी पीसी असतो आणि त्याला लॅपटॉपसारखा बाहेरचा अ‍ॅडाप्टर. मला सापडणाऱ्या दोषांतला सर्वांत मोठा वाटा याच अ‍ॅडाप्टरचा.

पहिली गोष्ट, दोन्ही टोकं. भिंतीकडून येणारी तीन गोल पिनांची लॅपटॉपवाली कॉर्ड अ‍ॅडाप्टरमध्ये पूर्ण आत गेलीय का? पीसीकडची पिन शेवटपर्यंत बसलीय का? टीव्हीच्या मागे अ‍ॅडाप्टर नुसता लोंबकळत सोडलेला असेल तर त्याच्या वजनाने पिन हळूहळू बाहेर येते. मिलिमीटरभर बाहेर आली तरी पुरे. अ‍ॅडाप्टर वेल्क्रोच्या पट्टीने स्टँडला बांधा. टीव्हीच्या गरम पाठीला चिकटवू नका.

दुसरी गोष्ट, अ‍ॅडाप्टरवरचा दिवा. लागत नसेल तर कॉर्ड बदलून बघा, मग अ‍ॅडाप्टर. दिवा लागतो पण पिन पीसीत घातली की विझतो, तर दोन शक्यता: अ‍ॅडाप्टर भार पेलत नाही, किंवा पीसीच्या आत शॉर्ट आहे आणि अ‍ॅडाप्टर स्वतःला वाचवतोय. त्याच जातीचा दुसरा अ‍ॅडाप्टर लावल्याशिवाय यातलं कोणतं ते कळत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: हा अ‍ॅडाप्टर याच मशीनचा आहे का? व्हीसी रूममध्ये एकसारखे दिसणारे चार-पाच अ‍ॅडाप्टर एकाच गुंत्यात असतात. मिनी पीसीचा १९ ते २० व्होल्टचा, फिरत्या कॅमेऱ्याचा बहुधा १२ व्होल्टचा, एक्स्टेंडरचा ५ व्होल्टचा, नेटवर्क स्विचचा आणखी वेगळा. यातल्या काहींची गोल पिन तंतोतंत एकाच मापाची असते. रंगारी येतो, सगळं काढून ठेवतो, आणि परत लावणारा ‘जी बसली ती लावली’ या न्यायाने लावतो. पीसीला १२ व्होल्ट मिळाले तर तो सहसा नुसता चालू होत नाही. उलटं झालं, म्हणजे कॅमेऱ्याला १९ व्होल्ट गेले, तर कॅमेरा जळू शकतो. अशा अदलाबदलीत पीसी वाचतो आणि त्याच्याहून महाग कॅमेरा जातो.

तेव्हा अ‍ॅडाप्टरच्या लेबलवरची ‘आउटपुट’ची ओळ वाचा आणि मशीनवर लिहिलेल्या आकड्याशी ताडा. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अ‍ॅम्पिअर तितकेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनेच्या आत प्लस आहे की बाहेर, ते छोट्या गोल चित्रात दाखवलेलं असतं. तेही जुळलं पाहिजे.

डेल आणि एचपीच्या अनेक अ‍ॅडाप्टरच्या पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यावरून मशीन अ‍ॅडाप्टर ओळखतं. ही सुई वाकली किंवा तुटली की व्होल्ट बरोबर असूनही मशीन कुरकुर करतं, हळू चालतं, कधी इशारा देऊन अडून बसतं. टॉर्च मारून पिनेच्या आत बघा. बाजारातला ‘सगळ्यांना चालतो’ असा अ‍ॅडाप्टर इथेच फसतो.

मल्टिमीटर असेल तर डीसीच्या २० व्होल्ट रेंजवर मोजा. २० व्होल्टचा अ‍ॅडाप्टर असेल तर एक रेंज वर घ्या. लेबलवर १९.५ असेल तर त्याच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. पण रिकाम्या अ‍ॅडाप्टरचा आकडा बरोबर आला म्हणून तो निर्दोष ठरत नाही, कारण भार पडल्यावर कोसळणारे अ‍ॅडाप्टर मी पुष्कळ बघितलेत. आकडा चुकीचा आला तर मात्र निकाल लागला.

आणि हे झाल्यावर प्रत्येक अ‍ॅडाप्टरच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या टेपवर लिहून चिकटवा: ‘पीसी’, ‘कॅमेरा’, ‘स्विच’. दहा रुपयांची टेप.

सगळं काढा, तीस सेकंद थांबा

वीज सीपीयूपर्यंत पोचतेय हे सिद्ध झालं आणि तरीही मशीन गप्प, तर पुढची पायरी हीच. पॉवर, एचडीएमआय, यूएसबी, लॅन, ऑडिओ, जे काही लावलंय ते सगळं काढा. नुसती पॉवर काढून भागत नाही. मग पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. एक मिनिट थांबा. आता फक्त पॉवर लावा आणि बटण एकदाच, हलकं दाबा.

असं का करायचं ते सांगतो, नाहीतर हा मंत्र-तंत्र वाटतो. स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेला यूएसबी हब किंवा टीव्हीकडून आलेली केबल थोडासा व्होल्टेज उलट दिशेने मदरबोर्डमध्ये ढकलत राहते. त्यामुळे बोर्ड धड बंदही होत नाही आणि धड चालूही होत नाही. शिवाय पॉवर सप्लायमधलं संरक्षण एकदा अडकलं की आतला साठलेला चार्ज उतरेपर्यंत ते सुटत नाही. बटण दाबून धरल्याने तो चार्ज लवकर उतरतो.

मशीन चालू झालं तर एकेक केबल परत लावा, आणि प्रत्येक वेळी बंद करून चालू करून बघा. घाईने सगळ्या एकदम लावल्या तर गुन्हेगार कोण ते कळणार नाही आणि पुढच्या सोमवारी पुन्हा फोन येईल.

बहुतेक वेळा यूएसबीचं एखादं उपकरण सापडतं, किंवा यूएसबीचं भोकच. समोरच्या पोर्टमध्ये लोक पेन ड्राइव्ह उलटा कोंबतात, आतली जीभ तुटते आणि पिना एकमेकींना चिकटतात. दुसऱ्या लक्षणाचं, म्हणजे पंखा जरासा फिरून थांबण्याचं, हे नेहमीचं कारण आहे. टॉर्चने बघा. पिना वाकलेल्या असतील तर पॉवर काढून प्लास्टिकच्या काडीने वेगळ्या करा आणि त्या पोर्टवर टेप मारा.

बटण, आणि ते पाचवं लक्षण

मिनी पीसी टीव्हीच्या मागे बसवला की बटणापर्यंत हात पोचत नाही. मग कुणी पट्टीने दाबतं, कुणी छत्रीच्या टोकाने. बटण आत अडकतं किंवा त्याचा स्विच मरतो. मोठ्या सीपीयूमध्ये समोरच्या बटणाची बारीक वायर बोर्डावरून निसटलेली असते. तिथे कॅबिनेट उघडून वायर परत लावली की काम होतं.

यावर उपाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, आहे. वीज गेल्यानंतर परत आली की मशीनने काय करायचं, असा एक पर्याय तिथे असतो. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर सापडतो. त्यात साधारण तीन निवडी: बंद राहा, चालू हो, आधी होतास तसा हो. व्हीसी रूमसाठी ‘चालू हो’ हेच ठेवा. मग शिपाईमामांनी मेन चालू केला की मशीन आपोआप उठतं, बटणाची गरज राहत नाही. तिथेच ‘डीप स्लीप’ किंवा ‘ईआरपी’ नावाचा वीज वाचवण्याचा पर्याय असेल तर तो बंद करा. तो चालू असताना कीबोर्डने किंवा नेटवर्कवरून मशीन उठवता येत नाही.

आता पाचवं लक्षण कसं जन्माला येतं ते बघा. मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ नावाची ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की बऱ्याच बोर्डांवर, रात्री मेन बंद झाला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात. मूळ सेटिंग बहुधा ‘बंद राहा’ असं असतं. सकाळी वीज येते, मशीन उठत नाही, बटण टीव्हीच्या मागे, आणि फोनवर वाक्य येतं, ‘डेड झालाय’. मी जाऊन बटण दाबतो, चालू होतो, सगळे म्हणतात ‘तुमच्या हाताला गुण आहे’. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

या बॅटरीची खूण सोपी आहे: चालू झाल्यावर घड्याळ बघा. तारीख कित्येक वर्षं मागची असेल तर बॅटरी गेली. याच चुकीच्या तारखेमुळे व्हीसीची वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडते, आणि ती तक्रार नेटवर्कवाल्याकडे जाते. बॅटरी किरकोळ किमतीची. बदला, तारीख लावा, बायोसचा तो पर्याय परत निवडा.

झाकण उघडायचं असेल तर

वॉरंटीचं सील असेल तर उघडू नका. नसेल तर आधी वीज पूर्ण काढा, बटण एकदा दाबा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातला स्थिर चार्ज घालवा आणि मगच आत हात घाला.

आत पहिली बघायची रॅम. पट्टी काढून, तिच्या सोनेरी कडा मऊ खोडरबरने बोर्डापासून लांब पुसून, भुगा झटकून, दोन्ही बाजूंच्या खटक्या बसेपर्यंत परत लावा. कोकणात पावसाळ्यानंतर एवढ्यावरच कितीतरी मशीन उठतात, कारण दमट हवेत त्या कडांवर थर येतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. बीप किंवा लुकलुकणारा दिवा असेल तर त्याची गणती मोजून मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडा. एका कंपनीचा अर्थ दुसऱ्या कंपनीला लागू पडत नाही.

मग नाक आणि डोळे वापरा. जळका वास. फुगलेले कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे छोटे नळकांडे ज्यांचं वरचं सपाट टोक वर आलंय. मुंग्यांचं वारूळ, पाल, उंदराने कुरतडलेली वायर. हे काही विनोदाने लिहीत नाहीये. आठवड्यातून एकदा उघडणारी, थंड आणि अंधारी खोली त्यांना फार आवडते. पाल एसएमपीएसमध्ये, म्हणजे सीपीयूच्या आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यात, शिरून दोन टोकं जोडते आणि दोघंही जातात.

मोठ्या सीपीयूत एसएमपीएस असतो. तो तपासायचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं. २४ पिनांच्या कनेक्टरची हिरवी वायर काळीला जोडून तो चालवता येतो हे खरं, पण त्यात पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं होत नाही. १२, ५ आणि ३.३ व्होल्ट भारावर मोजावे लागतात. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर ही पायरी सोडा. आणि एसएमपीएसचा स्वतःचा डबा कोणीच उघडू नये. २३० व्होल्टचं रूपांतर आत ३०० हून जास्त डीसी व्होल्टमध्ये होतं आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही काळ राहतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

इलेक्ट्रिशियन, आणि तोही त्याच दिवशी: कॅबिनेटला, टीव्हीच्या स्टँडला किंवा कॅमेऱ्याला हात लावल्यावर झटका किंवा मुंग्या, सॉकेट काळा किंवा गरम, एमसीबी पुन्हा पुन्हा पडतोय. आणि एक प्रकार असा की त्यात मिनिटभरही थांबायचं नाही: खोलीतले काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद. याचा अर्थ थ्री-फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटलाय. काही सॉकेटवर २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं. मेन पाडा आणि कुणालाही काहीही चालू करून बघू देऊ नका. वळवाच्या विजांनंतर बंद पडलेल्या खोलीतही आधी अर्थिंग आणि लाइन तपासून घ्या, मगच नवीन मशीन लावा. आकाशातली वीज लॅनच्या केबलमधूनही आत येते, म्हणून फक्त पॉवर पॉइंट तपासून भागत नाही.

हार्डवेअर इंजिनिअर किंवा एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार): त्याच मशीनचा चांगला अ‍ॅडाप्टर लावून, बाकी सगळ्या केबल काढून, रॅम परत बसवूनही मशीन गप्प असेल, जळका वास असेल, फुगलेला कपॅसिटर दिसला असेल. मदरबोर्ड दुरुस्त करणं हे तुमचं-आमचं काम नाही. यूपीएसची फुगलेली बॅटरीही तशीच हातात द्या, दाबून बसवू नका.

मशीन बाहेर नेऊ देण्याआधी कार्यालयातल्या लोकांनी दोन गोष्टी कराव्यात. जडवस्तू नोंदवहीत मॉडेल आणि सिरीयल नंबरासह नोंद, आणि आतली डिस्क काढून कार्यालयातच ठेवणं. बोर्डाच्या दुरुस्तीला डिस्क लागत नाही. वॉरंटीत उघडता येत नसेल तर तसं लेखी घेऊन ठेवा.

इंजिनिअरला फोन करताना ‘डेड आहे’ एवढंच सांगितलं तर तो मोकळ्या हाताने येईल आणि सामान आणायला परत जाईल. त्याऐवजी हे सांगा: मशीनचं मॉडेल, वरच्या यादीतलं लक्षण कितवं, थेट भिंतीवर लावून बघितलं का, अ‍ॅडाप्टरवरचा दिवा पिन घातल्यावर टिकतो का, मीटरवर किती व्होल्ट आले, आणि सगळ्या केबल काढल्यावर काही फरक पडला का. मग तो येताना नेमका अ‍ॅडाप्टर किंवा बोर्ड घेऊन येतो. दुरुस्तीनंतर तो निघायच्या आधी त्याच्यासमोर खोलीचा मेन पाडा, पाच मिनिटांनी वर करा, आणि कुणी बटणाला हात न लावता मशीन उठतं का ते बघा. उठलं तरच सही करा.